चवीचा दरवाजा : गुटख्याच्या पुडीपासून ई-सिगारेटपर्यंत

ई-सिगारेट बनवणे, आयात करणे, विकणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे हा भारतात २०१९ पासून गुन्हा आहे. मग जी वस्तू आपल्याकडे पूर्णपणे बंद आहे, तिच्यात आंब्याची किंवा पुदिन्याची चव घालू द्यावी की नाही, या परदेशातल्या वादाशी आपल्या शाळांचा संबंध काय? शिक्षकांकडून आम्हांला हा प्रश्न अनेकदा ऐकायला मिळतो आणि तो रास्तही आहे.

त्याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिका-इंग्लंडमध्ये चवदार ई-सिगारेटवर जो वाद चालू आहे, तोच वाद महाराष्ट्राने त्याआधी गुटख्याच्या निमित्ताने अनुभवला आहे. निकोटिन तेच, गिऱ्हाईक त्याच वयाचे, आणि कायद्याला चुकवण्याच्या युक्त्याही सारख्याच. हा इतिहास नीट पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते : तंबाखूच्या उत्पादनातली चव ही वरवरची सजावट नसते. ती त्या उत्पादनाच्या यंत्रणेचाच एक भाग असते. मुलासाठी आत येण्याचा दरवाजा तीच असते.

विडा, चंची आणि पुडी

तंबाखू आपल्या समाजात शतकानुशतके आहे. पण जुन्या काळी ती मुलाच्या हाती लागणे तितकेसे सोपे नव्हते. विडा पानवाल्याकडून लावून घ्यावा लागे. तो खाल्ला की तोंड रंगे आणि घरी कळे. चुना लावून तंबाखू मळणाऱ्याजवळ चंची किंवा डबी असे. शिवाय तंबाखू पहिल्यांदा खाणाऱ्याला ती ‘लागते’, म्हणजे डोके गरगरते, घाम फुटतो, मळमळते, तोंड भाजल्यासारखे होते. हा कडवटपणा म्हणजे एक नैसर्गिक अडसरच होता.

१९७० च्या दशकापासून हा अडसर हळूहळू दूर झाला. सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि त्यांच्या जोडीला वेलदोडा, केवडा, मेंथॉल यांसारखी सुवासिक द्रव्ये यांचे कोरडे मिश्रण कारखान्यात तयार होऊ लागले. पुढे ते छोट्या, चकचकीत पुड्यांमधून विकले जाऊ लागले. पुडी खिशात मावे, शाळेबाहेरच्या टपरीवर टांगलेली असे, आणि तिची किंमत मुलाला परवडण्याजोगी असे. तिच्या वासावरून ती तंबाखू आहे असे वाटतही नसे. तंबाखू नसलेला पानमसाला त्याच नावाने, त्याच रंगाच्या पुडीत मिळे. त्यामुळे गुटख्याची जाहिरात वेगळी करण्याची गरजच उरली नाही.

महाप्यापर्यंत पोचणारा एक धागा

या पुडीचा परिणाम काय झाला, हे शोधून काढणाऱ्या संशोधनाचा मोठा वाटा मुंबई परिसरातला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक विभाग काम करीत असे. या गटाने खेडोपाडी जाऊन लोकांची तोंडे तपासली. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांच्या तपासणीचा त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी दिसणारे चट्टे यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध अशा कामातून पक्का होत गेला. या निबंधाच्या लेखकांमध्ये डॉ. प्रकाश गुप्ता यांचे नाव आहे. त्यांच्या पुढाकाराने पुढे नवी मुंबईत ‘हीलिस-सेखसरिया इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक हेल्थ’ ही संस्था उभी राहिली. तिच्या अनेक शोधनिबंधांवर महाप्याच्या टीटीसी औद्योगिक क्षेत्राचा पत्ता छापलेला आढळतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले महापे आपण कारखान्यांसाठी आणि संगणक कंपन्यांसाठी ओळखतो. तंबाखूविषयक संशोधनात त्याचे नाव जगभरच्या वाचकांना परिचित आहे, हे मात्र जवळच्या शाळांनाही बहुधा ठाऊक नसते.

याच परंपरेतला १९९८ सालचा एक निबंध शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घरोघर जाऊन केलेल्या या पाहणीत तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या ५,०१८ पुरुषांची तोंडे तपासली गेली. त्यांत ‘सबम्युकस फायब्रोसिस’चे १६४ रुग्ण आढळले. या रोगात तोंडाच्या आतल्या अस्तराखालचा थर तंतुमय आणि ताठर होत जातो, तोंड उघडेनासे होते, आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच या रोगाचे वर्णन केले होते. म्हणजे रोग नवा नव्हता. रुग्णांचे वय नवे होते. चार जण वगळता बाकी सर्व रुग्ण सुपारीयुक्त पदार्थ, मुख्यतः मावा, खाणारे होते आणि सुमारे ८५ टक्के रुग्ण ३५ वर्षांखालचे होते. जो आजार आयुष्याच्या उत्तरार्धात दिसायचा, तो आता कॉलेज नुकतेच सोडलेल्या तरुणांमध्ये दिसू लागला होता. चवीमुळे सुरुवात लवकर झाली आणि सुरुवात लवकर झाल्यामुळे रोगही लवकर आला.

पहिली बंदी, दुसरी बंदी आणि दोन पुड्या

महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००२ पासून गुटखा आणि पानमसाला यांवर ५ वर्षांसाठी बंदी घातली. तिला आधार होता १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याचा. मुंबई उच्च न्यायालयात ही बंदी टिकली. परंतु २ ऑगस्ट २००४ रोजी ‘गोदावत पान मसाला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गुटखा निरुपद्रवी आहे असे न्यायालयाने म्हटले नव्हते. मुद्दा अधिकाराचा होता : अशा प्रकारची बंदी घालण्याची सत्ता त्या कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेली नाही, ती केंद्राची आहे, असा तो निकाल होता. पुड्या पुन्हा टपऱ्यांवर लटकू लागल्या.

पुढे २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आला. त्याखालच्या २०११ च्या नियमांत एक छोटेसे कलम होते : कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरता येणार नाही. पानमसाला हे अन्न ठरत असल्याने, तंबाखू घातलेला पानमसाला म्हणजेच गुटखा या कलमाच्या कक्षेत आपोआप आला. एप्रिल २०१२ मध्ये मध्य प्रदेशाने आणि जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने बंदीचे आदेश काढले. महाराष्ट्राच्या आदेशात तंबाखूविरहित पानमसालाही होता. उत्पादकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने स्थगिती नाकारली. अन्नसुरक्षा आयुक्तांना असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त १ वर्षासाठी काढता येतो, म्हणून तो दर वर्षी नव्याने काढावा लागतो.

बंदीला बगल देण्याची एक युक्ती फार साधी होती. गुटखा विकायचा नाही. एका पुडीत पानमसाला, दुसऱ्या पुडीत सुवासिक तंबाखू, आणि दोन्ही पुड्या एकाच टपरीवर. गिऱ्हाईकाने त्या तळहातावर किंवा थेट तोंडात एकत्र केल्या की झाला गुटखा! कायद्यात नाव गुटख्याचे होते आणि दुकानात गुटखा नव्हताच. महाराष्ट्राने २०१३ च्या आदेशात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्रा यांचाही समावेश केला तो यासाठीच. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१६ मध्ये या जोडपुड्यांची दखल घेऊन नियमाची कसोशीने अंमलबजावणी करण्यास सांगितले.

या बंदीचा उपयोग झाला का? प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात २००९-१० साली महाराष्ट्रात तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण ३१.४ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्के झाले. घट झाली, पण तिचे श्रेय एकट्या बंदीला देता येणार नाही. चित्रमय इशारे, करवाढ आणि जनजागृती यांचाही त्यात वाटा आहे. आणि पुड्या चोरवाटेने मिळतात, हे कोणत्याही एस. टी. स्थानकाच्या भिंती पाहून कळते.

एकच रेणू, दोन उलट्या युक्त्या

आता ई-सिगारेटकडे वळण्यापूर्वी थोडे रसायन पाहू. ते शाळेत शिकवता येण्याजोगे आहे.

निकोटिन हा आम्लारीधर्मी पदार्थ आहे. आम्लधर्मी द्रावणात त्याचा रेणू एक प्रोटॉन घेतो आणि विद्युतभारित होतो. अल्कधर्मी द्रावणात तो मुक्त राहतो. द्रावणाचा सामू ८ असेल तर सुमारे निम्मे निकोटिन मुक्त असते, ९ असेल तर सुमारे ९० टक्के, आणि ६ असेल तर जेमतेम १ टक्का. मुक्त निकोटिन तोंडाच्या अस्तरातून चटकन रक्तात शिरते. भारित निकोटिन शिरत नाही. तंबाखूला चुना का लावतात, याचे उत्तर इथे आहे. हळदीत चुना घातला की ती लाल होते, म्हणजेच मिश्रण अल्कधर्मी होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तेच तळहातावर तंबाखू मळताना आणि गुटख्याच्या पुडीत घडते. अल्कधर्मी तंबाखू झोंबते, आणि ते झोंबणे लपवायला वेलदोडा, केवडा आणि थंडावा देणारे मेंथॉल लागते.

ई-सिगारेटचे आधुनिक रूप चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केले. विजेरीवर चालणारी तार तापते, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या द्रावणाचे सूक्ष्म थेंबांच्या धुक्यात रूपांतर होते, आणि त्या धुक्यातून निकोटिन ओढले जाते. सुरुवातीच्या उपकरणांत मुक्त निकोटिन असे. त्याचे प्रमाण वाढवले की घसा खवखवे, म्हणून ते फारसे वाढवता येत नसे. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने याच्या अगदी उलट वाट धरली. तिने द्रावणात बेंझोइक आम्ल घातले, निकोटिनचा क्षार केला आणि झोंबणे कमी केले. फुप्फुसांचा आतला पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर असतो आणि तिथले द्रव आम्लता निभावून नेतात. त्यामुळे भारित निकोटिनही तिथून झपाट्याने शोषले जाते. आता ५ टक्क्यांचे, म्हणजे दर मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमचे द्रावण नवशिक्यालाही सहज ओढता येऊ लागले. युरोपीय संघाने कमाल मर्यादा २० मिलिग्रॅम ठेवली आहे, हे पाहिले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

गुटख्याने चुना घातला, जूलने आम्ल घातले. रसायन उलटे, हेतू एकच : निकोटिन भरपूर मिळावे आणि पहिल्या वेळी ते बोचू नये. यावर आंबा, पुदिना, व्हॅनिला यांचा थर चढला की नैसर्गिक अडसर उरत नाही.

चवीची द्रव्ये ‘खाण्यास सुरक्षित’ असतात असे सांगितले जाते. खाणे आणि श्वासावाटे घेणे यांत फरक आहे. डायअॅसिटिल हे लोण्याची चव देणारे द्रव्य खाण्यात चालते. पण २००० साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातील कामगारांना त्याची वाफ हुंगून फुप्फुसांचा गंभीर आजार झाल्याचे उघडकीस आले. जठर आणि फुप्फुसे यांची संरक्षणव्यवस्था निराळी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतला पाठलाग

महाराष्ट्रातल्या दोन पुड्यांची गोष्ट ध्यानात ठेवून अमेरिकेचा घटनाक्रम वाचावा. २००९ च्या कायद्याने तिथे मेंथॉल वगळता सर्व चवींच्या सिगारेटी बंद झाल्या. लवंगेच्या सिगारेटी मग तंबाखूच्याच कागदात गुंडाळून ‘छोटे सिगार’ म्हणून अवतरल्या. ई-सिगारेटींना हा नियम लागू नव्हता. अमेरिकेतल्या वरच्या वर्गांतील, म्हणजे साधारण आपल्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांत ई-सिगारेट वापरणाऱ्यांचे प्रमाण २०११ मध्ये १.५ टक्का होते. २०१९ मध्ये ते २७.५ टक्क्यांवर गेले. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने तंबाखू व मेंथॉल सोडून इतर चवींच्या काडतूस-पद्धतीच्या ई-सिगारेटींवर कारवाईचे धोरण जाहीर केले. नियमात शब्द ‘काडतूस’ होता. बाजार लगेच वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटींकडे वळला. मग काही उत्पादक म्हणू लागले, की आमचे निकोटिन तंबाखूपासून काढलेले नाही, प्रयोगशाळेत बनवलेले आहे, म्हणून तंबाखूचा कायदा आम्हांला लागू नाही. मार्च २०२२ मध्ये कायदा बदलून ही फटही बुजवावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फळांच्या व मिठाईच्या चवींच्या उत्पादनांना परवानगी नाकारण्याच्या प्रशासनाच्या निर्णयाची बाजू एकमताने उचलून धरली.

२०२४ पर्यंत हे प्रमाण ७.८ टक्क्यांपर्यंत उतरले. तरीही त्या वर्षी ई-सिगारेट ओढणाऱ्या शाळकरी मुलांपैकी ८७.६ टक्के मुले चवदार प्रकारच वापरत होती.

दुसरी बाजू

वादाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे प्रामाणिकपणे मांडायला हवी. ई-सिगारेटीत तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसते. सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना निकोटिनच्या चिकटपट्टीपेक्षा किंवा गमपेक्षा तिचा अधिक उपयोग होतो, असा निष्कर्ष कॉक्रेन या नामांकित आढाव्यातही निघाला आहे. अनेक प्रौढांना तंबाखूची आठवण न करून देणारी चवच हवी असते. इंग्लंडने म्हणूनच ई-सिगारेटला धूम्रपान सोडवण्याचे साधन मानले. पण तिथेही मुलांमधला प्रसार पाहून १ जून २०२५ पासून वापरून फेकण्याच्या ई-सिगारेटींची विक्री बंद करावी लागली.

भारताने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून पूर्ण बंदी पत्करली. त्याआधी मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तशी शिफारस केली होती. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. साधी सिगारेट मोकळी आणि ई-सिगारेट बंद, हा कुठला न्याय, अशी टीका तेव्हा झाली, आणि तीत तथ्य आहे. बंदी घातलेल्या वस्तूच्या चोरट्या विक्रीत वयाची अट नसते आणि निकोटिनचे खरे प्रमाण कुणी तपासत नाही, हा आक्षेपही खोटा नाही.

तरी महाराष्ट्रापुरते एक गणित करून पाहावे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार आपल्या राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेट सोडवणारे साधन म्हणून ई-सिगारेटचा ज्यांना फायदा होईल असे लोक इथे थोडे. चवीला भुलून नव्याने निकोटिनकडे वळू शकणारी शाळकरी मुले मात्र फार मोठ्या संख्येने. इंग्लंडचे उत्तर आपण तसेच्या तसे उचलू शकत नाही, ते यामुळे. २०१९ च्या युवा सर्वेक्षणात १३ ते १५ वयाच्या भारतीय विद्यार्थ्यांपैकी २.८ टक्क्यांनी कधी ना कधी ई-सिगारेट ओढून पाहिली होती. आकडा लहान आहे. तो लहान असतानाच विचार करायचा असतो.

भारतीय कायद्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येईल. त्याची व्याख्या रुंद आहे. निकोटिन असो वा नसो, चव असो वा नसो, पदार्थ तापवून हुंगण्याजोगे धुके करणारे कोणतेही विजेवरचे उपकरण तीत येते. दोन पुड्यांचा धडा इथे उपयोगी पडलेला दिसतो. पण परदेशात आता निकोटिनच्या पांढऱ्या चवदार पुड्या ओठाखाली ठेवण्यासाठी विकल्या जात आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अशा २० उत्पादनांना परवानगीही दिली. त्यांत ना वीज, ना धूर, ना तंबाखूचे पान. फिरून फिरून गोष्ट पुन्हा पुडीवरच आली आहे!

वर्गात काय करता येईल

कायदा नेहमी वस्तूचे नाव घेतो आणि बाजार नाव बदलतो. मुलाला नावापलीकडचे पाहायला शिकवणे हे काम शिक्षकाचेच आहे. त्यासाठी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, अतिशयोक्ती टाळावी. २०१९-२० मध्ये अमेरिकेत ई-सिगारेटसारख्या उपकरणांशी निगडित फुप्फुसविकाराचे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. पण त्यामागे प्रामुख्याने गांजाच्या बेकायदा द्रावणांत मिसळलेले व्हिटॅमिन ई अॅसिटेट होते. हे लपवून ‘एक झुरका आणि मृत्यू’ असे सांगितले, तर मुले कधी ना कधी खरे शोधून काढतात आणि मग आपल्या खऱ्या इशाऱ्यावरही त्यांचा विश्वास उरत नाही. निकोटिनची सवय जडते, आणि घडत असलेल्या मेंदूला ती अधिक लवकर जडते, हे सत्य पुरेसे गंभीर आहे.

दुसरी, सामूचा धडा शिकवताना हळद, चुना आणि लिंबाचा रस घेऊन वरची दोन उलटी रसायने समजावून द्यावीत. प्रत्यक्ष तंबाखू वर्गात आणण्याची मुळीच गरज नाही.

तिसरी, २००३ च्या कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतराच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांनी शाळेभोवती हे वर्तुळ नकाशावर काढावे. आत काय आढळले ते मुख्याध्यापकांमार्फत संबंधित अधिकाऱ्यांना कळवता येते.

आणि शेवटची, एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी. पुडी असो, पेनसारखे उपकरण असो, की उद्या येणारे आणखी काही. यातली चव आणि सुवास काढून टाकला, तर ते पहिल्यांदा कोण विकत घेईल? सिगारेट सोडू पाहणारा चाळिशीचा माणूस कदाचित घेईल. आठवीतला मुलगा घेईल का? विद्यार्थ्यांनाच उत्तर देऊ द्यावे. ते बहुतेक वेळा बरोबर देतात.